होडीचं नाव: 'तरीपण' की 'नावडती'?

प्रश्न असा आला आहे: निवृत्तीनंतर हर्णैला शिडाची छोटी होडी घेतली. 'सागरकन्या', 'जलपरी' नकोत. ऐकणाऱ्याला दोन क्षणांनी हसू फुटेल असं, पण अस्सल मराठी नाव हवं. स्वतः त्यांनी 'तरीपण' सुचवलंय. घरचे नको म्हणत होते, तरीपण घेतली!

कल्पना झकास आहे. खाडीपलीकडे नेणाऱ्या होडीला कोकणात 'तर' म्हणतात. 'तरीने गेलो' असं म्हणायची रीत. संस्कृतात तर 'तरी' म्हणजे नौकाच. शिवाय मिसळीवर तरंगते तीही तरी. पण उभयान्वयी अव्ययाचं विशेषनाम केलं की वाक्यात पंचाईत होते. तिन्हीसांजेला धक्क्यावरून कुणी ओरडलं, "तरीपण आली नाही!", तर ऐकणारा विचारणार, "अहो, पण कोण?" पाटीवर काहीही शोभतं, होडीचं नाव हाक मारायला आणि वायरलेसवर सांगायला लागतं.

दुसरी गोष्ट लिंगाची. मचवा तो, गलबत ते, तारू ते. पण होडी, नाव, नौका, बोट या सगळ्या 'ती'. नाव स्त्रीलिंगी असलं की क्रियापद अडखळत नाही. नौदलाच्या शिडाच्या नौका बघा: तरंगिणी, सुदर्शिनी, म्हादेई, तारिणी. म्हादेई म्हणजे गोव्याच्या मांडवी नदीचं वरच्या अंगाचं नाव. याच नावाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तारिणीचं नाव ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून, आणि शब्दाचा अर्थ 'पार नेणारी'. देवीलाही लागू, नौकेलाही. श्लेष आहे हे सांगावंही लागत नाही.

आता माझी भर. होडी अरुंद आणि चपळ असेल तर 'शिडशिडी'. अगदीच पिटुकली असेल तर 'नावापुरती'. माझं मत मात्र 'नावडती'ला. आत 'नाव' आहे, लिंग जुळतं, "नावडती बंदराला लागली" हे वाक्य ताठ उभं राहतं, आणि समुद्रात फिरणारीला 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण आपसूक चिकटते. घरातून आधीच विरोध आहे म्हणता, तेव्हा पाटी रंगवण्याआधी घरच्या बाईंना विचारलेलं बरं.

निवृत्तांसाठी आणखी एक सुचतं, 'तारुण्य'. आत 'तारू' लपलंय. पण ते नपुंसकलिंगी, आणि "काकांचं तारुण्य गाळात रुतलं" हे बंदरावर रोज ऐकायची तयारी हवी. शिवाय तारूतला रू दीर्घ, तारुण्यातला ऱ्हस्व. श्लेष दिसावा म्हणून पेंटरकडून 'तारूण्य' रंगवून घेतलंत, तर हसू फुटेल ते शुद्धलेखनाला.