सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून वाडा आपलाच आहे का?

औद्योगिक क्षेत्राच्या विस्तारात आलेल्या शेतातल्या वाड्याची दुरुस्ती करावयाची आहे, परवानगी कोणाकडे मागावी, आणि वाडा शंभर वर्षांहून जुना असल्याने त्याला संरक्षण मिळेल का, असे आपण विचारले आहे. अशी पत्रे वरचेवर येतात आणि खरी गोष्ट बहुधा शेवटच्या ओळीत असते. आपल्याही पत्रात ती तिथेच आहे: २०१९ मध्ये दिवंगत आजोबांच्या नावे ‘कलम ३२ (२) ची काहीतरी नोटीस’ आली, काकांनी ती कपाटात ठेवली आणि कोणीही उत्तर दिले नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ मधील ही नोटीस म्हणजे जमीन का संपादित करू नये याचे कारण दाखवण्याची संधी. वाडा, खळे, विहीर आणि तिथवरची वाट संपादनातून वगळा, असे मोजणीच्या नकाशासह आणि छायाचित्रांसह सांगण्याची तीच वेळ होती. ती आपल्या कुटुंबाने दवडली, हे सौम्य शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. आता प्रश्न एकच उरतो, तो म्हणजे त्यानंतर कलम ३२ (१) ची, म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची, अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाली की नाही. झाली असेल तर पोटकलम (४) प्रमाणे त्याच दिवशी जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन शासनाकडे निहित, म्हणजे शासनाच्या मालकीची, झाली, मग मोबदला मिळालेला नसो, ताबा आपल्याकडेच असो किंवा सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच असो. फेरफाराच्या नोंदीने मालकी येतही नाही आणि जातही नाही, हे न्यायालयांनी असंख्य वेळा सांगूनही लोक सातबारा छातीशी धरून बसतात.

पाच वर्षांत ताबा घेतला नाही म्हणून संपादन आपोआप रद्द झाले, असे आपणांस कोणी सांगितले असेल तर त्यावर विसंबू नये. असे ज्याच्या आधारे सांगितले जाते ते २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील कलम २४ हे १८९४ च्या कायद्याखाली सुरू झालेल्या संपादनांपुरते आहे, आणि कर्नाटकातील अशाच औद्योगिक कायद्याखालील संपादनाला ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे.

तेव्हा आधी गट क्रमांक देऊन उपविभागीय अधिकारी आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) प्रादेशिक कार्यालय, दोघांकडे ३२ (१) च्या अधिसूचनेची प्रत मागावी. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर यायला हवे. ते येईपर्यंत कारागिरांना आगाऊ रक्कम देऊ नये. पावसाचे पाणी आत येऊ नये एवढीच व्यवस्था करावी.

अधिसूचना निघालेली नसेल तर सर्व वारसांच्या सह्यांनिशी हरकत लगेच दाखल करून सुनावणी मागावी. मुदत टळली म्हणून ती फेटाळली जाऊ शकते, तरीही ती अभिलेखावर असणे आवश्यक आहे. दुरुस्तीची परवानगी त्यानंतरची बाब. औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिसूचित झालेल्या भागात महामंडळच विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे बांधकामाची परवानगी देणारी संस्था, असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मधील सवलतीनुसार केवळ अंतर्भागाची किंवा बाह्य रूप फारसे न बदलणारी डागडुजी परवानगीशिवाय करता येते, परंतु माडी उतरवून नव्या तुळया घालणे त्यात बसेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. निव्वळ वयामुळे वाड्याला संरक्षण मिळत नाही. त्यासाठी त्याची शासनाने संरक्षित स्मारक म्हणून घोषणा किंवा वारसा यादीत नोंद व्हावी लागते.

अधिसूचना निघालेली असेल तर मार्ग अरुंद आहे. मृत व्यक्तीच्या नावे नोटीस काढून वारसांना ऐकून घेतले नाही, हा मुद्दा उच्च न्यायालयात रिट याचिकेत मांडता येईल. मात्र नोटीस घरात पोहोचली होती हे उघड असल्याने इतकी वर्षे आपण काय केले, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जाईल. शिवाय याचिका सुनावणीस येईपर्यंत वाड्याचे माळवद टिकेल की नाही, याचीही शंकाच आहे. दरम्यान मोबदल्याच्या संमतिपत्रावर कोणीही सही करू नये, कारण दर मान्य केल्यावर वाडा वगळण्याची मागणी टिकणे कठीण होते.

मला कागद पाठवाल तेव्हा नोटिशीसोबत तिचे पाकीटही पाठवा, कारण ती साधारण कधी आली, हे त्यावरील टपालाच्या शिक्क्यावरून कळू शकेल.