पाणी नितळ दिसेपर्यंत

प्रश्न : ताई, माझं वय 58. गेल्या महिन्यात शौचावाटे दोनदा रक्त गेलं. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघायची तपासणी, सांगितली आहे. घरचे म्हणतात, मूळव्याधच असणार, कशाला नळी घालून घेतेस? शुगरची आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. फार दुखतं का हो?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : मूळव्याधच आहे, हे घरबसल्या कोणी ठरवायचं? मूळव्याध असलेल्या माणसाच्या मोठ्या आतड्यातही गाठ असू शकते. मलम लावण्यात महिने घालवू नका, तपासणी करून घ्या.

दुखण्याची धास्ती सोडा. शिरेतून गुंगीचं औषध देतात, डाव्या कुशीवर झोपवतात, साधारण अर्ध्या तासात होतं. आत हवा भरतात म्हणून पोट फुगतं, थोडी कळ येते, एवढंच.

खरा त्रास आदल्या रात्रीचा, पोट साफ करण्याचा. इथल्याच एका दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीत मी 21 वर्षं परिचारिका होते. एक आजोबा आदल्या संध्याकाळी सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाऊन आले होते, आणि विचारलं तर "काही नाही खाल्लं" म्हणाले. पडद्यावर मक्याची पिवळी सालं आतड्याला चिकटलेली. मी पिचकारीने पाणी मारतेय, डॉक्टर थांबताहेत, शेवटी अर्ध्यातून नळी मागे घ्यावी लागली. दहा दिवसांनी पुन्हा ती पोट साफ करायची पावडर प्यायले बिचारे. तेव्हा सालं होती त्याच वळणावर हरभऱ्याएवढी गाठ निघाली. तारेच्या फासात धरून तिथल्या तिथे काढली, त्यांना कळलंही नाही.

म्हणून तीन दिवस आधीपासून भुट्टा, पेरू, टोमॅटो, तीळ, शेंगदाणे, पोह्यांवरचे डाळिंबाचे दाणे, सगळं बंद. मऊ भात, दही चालेल. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि गाळलेलं : वरणावरचं पाणी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. पावडरचं पाणी गार करून दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास घ्या. मळमळलं तर अर्धा तास थांबा, पण सोडून देऊ नका. बहुतेक ठिकाणी अर्धं रात्री, अर्धं पहाटे प्यायला सांगतात. पहाटेचं टाळू नका. शेवटी लघवीसारखं पिवळसर, नितळ पाणी पडलं की पोट साफ झालं समजा.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. ती आणि शुगरची गोळी कधी घ्यायची, कधी नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. लोहाची गोळी घेत असाल तर तेही सांगा, ती साधारण आठवडाभर आधी थांबवतात.

सोबत मुलाला न्या. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, कुठे सही करायची नाही. नंतर गॅस सुटतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण पोटात जोराची कळ, ताप किंवा भरपूर रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. आतडं फाटणं क्वचितच घडतं, पण घडतं. आणि गाठ काढली असेल तर रक्तस्राव दहा-बारा दिवसांनीही होऊ शकतो, तेव्हा दोन आठवडे लांबचा प्रवास ठरवू नका, लग्नाचं आमंत्रण असलं तरी.