हृदयविकाराच्या झटक्यानंतर वडिलांच्या जेवणात नेमके काय बदल करावेत?

तुमच्या वडिलांना झटका आला, एक स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) टाकला आणि आठ दिवसांपूर्वी ते घरी आले. आई त्यांच्यासाठी वेगळे, अळणी आणि उकडलेले जेवण करते, पण ते दोन घास खाऊन उठतात आणि ‘नळी मोकळी झाली, आता पथ्य कशाला’ असे म्हणतात, असे तुम्ही लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या पतींना झटका आला, तेव्हा सोलापुरातल्या आमच्या घरातही हेच घडले होते. मी डॉक्टर नाही, मी घरचा स्वयंपाक करते. त्यामुळे जेथे औषधांचा संबंध येईल तेथे तुमच्या डॉक्टरांचे म्हणणेच अखेरचे माना.

वडिलांना प्रथम हे समजावून सांगा की स्टेंटने एका ठिकाणचा अडथळा दूर होतो, पण रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबी साचण्याची प्रक्रिया इतरत्र चालू राहू शकते. फ्रान्समधील लिओं शहरात १९८८ पासून पहिला झटका येऊन गेलेल्या ६०५ रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांतील ज्यांच्या आहारात भाज्या, फळे, कडधान्ये आणि मासे वाढवले, लाल मांस कमी केले आणि लोण्याऐवजी वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ दिले, त्यांच्यात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. माझ्या पतींना माझ्या विनवण्यांपेक्षा डॉक्टरांनी सांगितलेली ही माहिती अधिक पटली.

आईंना मात्र माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी वेगळे भांडे चढवणे थांबवावे. शेजारच्या ताटात फोडणीची आमटी आणि आपल्या ताटात उकडलेला दुधी, हे कोणताही माणूस फार दिवस सहन करत नाही. आम्ही सगळ्या घराचाच स्वयंपाक बदलला आणि पदार्थागणिक मोजण्याऐवजी महिन्याचे सामान मोजू लागलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅमही जास्तच होते. मी पिशवी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहू लागले, तेव्हा एक किलो मीठ आम्हाला महिनाभरही पुरत नाही हे लक्षात आले, आणि त्यात पापड, लोणचे, सांडगी मिरची व फरसाण यांतले मीठ धरलेलेच नव्हते. पानात डावीकडे मीठ वाढण्याची पद्धत आम्ही त्याच दिवशी बंद केली. कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतेच, म्हणून तो घातलेल्या भाजीत वरून मीठ घालत नाही. चव चिंच, आमसूल, लिंबू, लसूण आणि भाजलेल्या जिऱ्याने आणते. ज्वारीच्या भाकरीला तर मीठही लागत नाही आणि तेलही. साधारण दीड-दोन महिन्यांत जिभेची सवय बदलली आणि पूर्वीचीच आमटी आम्हाला खारट लागू लागली. सैंधव मीठ म्हणजे पथ्याचे मीठ नव्हे, त्यातही सोडियमच असते. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची व हृदयाची औषधे चालू असल्यास, अथवा मूत्रपिंड कमजोर असल्यास, पोटॅशियम रक्तात धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे मीठ आणू नका.

तेलाचा हिशेबही असाच ठेवला: माणशी महिन्याला अर्धा लिटर. आमच्याकडे करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल असते. तळणीचे उरलेले तेल पुन्हा तापवत नाही. तुपात अर्ध्याहून अधिक संपृक्त चरबी, म्हणजे रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, असते, म्हणून ते सणापुरते ठेवले. चहाबरोबरची खारी आणि नानकटाई सोडवणे आम्हाला सर्वांत कठीण गेले. त्यांच्या जागी मूठभर भाजलेले बिनखारे फुटाणे आले. तुम्ही मासे खात असाल तर बांगडा किंवा तारली उत्तम, मात्र कालवणात, तळून नव्हे. सुक्या बोंबलात मीठ फार असते. शाकाहारी घरात जवसाची चटणी रोज एक चमचा घ्यावी, त्यात मीठ बेताचे घालावे.

उपवासाबद्दल थोडे कठोरपणे लिहिते. साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतांशी पिष्ट आणि तूप. पण त्याहून मोठा धोका असा की उपाशी पोटी गोळ्या नकोत म्हणून काही जण एकादशीला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्याच टाळतात. स्टेंटनंतर त्या गोळ्या चुकल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. निदान हे पहिले वर्ष तरी वडिलांना उपवास करू देऊ नका.

डिस्चार्जच्या कागदावर हृदयाची पंपिंग क्षमता किती लिहिली आहे, तेही आजच पाहा. ती कमी असेल, तर पाणी, ताक आणि चहा मिळून दिवसाला किती द्रव चालेल हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि वडिलांचे वजन रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी करून वहीत नोंदवा. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले किंवा पायांवर सूज दिसली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.