जुनी ॲल्युमिनियमची होडी आणि पतसंस्थेतील मुदत ठेव

सप्रेम नमस्कार.

आपण पलूस तालुक्यातील नदीकाठच्या गावात राहता, माध्यमिक शाळेत शिक्षक आहात, आणि चुलत्यांनी अनेक वर्षांपूर्वी मुंबईतील एका लिलावातून आणलेली चौदा फुटी ॲल्युमिनियमची मासेमारीची होडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये पडून आहे, असे आपण कळवले आहे. ती दुरुस्त करून मासेमारीचा छंद जोपासावा, जास्तीची मासळी विकून खर्च भरून काढावा आणि कृष्णेला पूर आला तर गावाच्या उपयोगी पडावे, असे आपल्या मनात आहे. दुरुस्तीचा अंदाज १,३०,००० रुपयांचा आहे. त्यासाठी पतसंस्थेतील चार लाखांची ठेव मोडावी की पत्नीच्या दागिन्यांवर दीड लाखाचे कर्ज घ्यावे, हा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते होडी दुरुस्त करण्यास हरकत नाही, पण ठेव मोडू नये आणि सोनेही गहाण ठेवू नये. आपल्या मिळकतीत हे काम दोन ते तीन हंगामांत बसते, एका हंगामात बसत नाही. तसे का, ते आपण दिलेल्या आकड्यांवरूनच मांडतो.

आपला हाती येणारा पगार ६२,००० रुपये आहे. घरखर्च ३४,०००, गृहकर्जाचा हप्ता १५,५०० आणि म्युच्युअल फंडाचा हप्ता ५,००० वजा जाता महिन्याला ७,५०० रुपये शिल्लक राहतात. दोन एकर उसाचे, सोसायटीची वसुली आणि पुढच्या पिकाचा खर्च जाऊन, वर्षाला सुमारे ८०,००० रुपये सुटतात. घरखर्च आणि गृहकर्ज मिळून सहा महिन्यांची तरतूद २,९७,००० रुपयांची होते, आणि शिक्षकाची नोकरी कितीही स्थिर असली तरी आजारपण व पूर या दोन्ही शक्यता असलेल्या घरात ही तरतूद अबाधित राहिली पाहिजे. म्हणजे चार लाखांपैकी खऱ्या अर्थाने मोकळे असे फक्त १,०३,००० रुपये आहेत. मुलगी यंदा बारावीला आहे आणि पुढील जूनपासून चार वर्षे, दरवर्षी सुमारे १,२०,००० रुपये, तिच्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी लागतील, असे आपणच लिहिले आहे. ती मोकळी रक्कम पहिल्या वर्षाच्या प्रवेशालाही पुरत नाही. ज्या ठेवीतून आपण होडीचा खर्च करू पाहता ती आधीच दोन कामांसाठी बांधली गेलेली आहे.

आता चार वर्षांचा एकत्र हिशेब पाहावा. पगारातील शिल्लक आणि ऊस मिळून वर्षाला १,७०,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ६,८०,००० रुपये होतात. त्यात ठेवीतील मोकळे १,०३,००० मिळवून शिक्षणाचे ४,८०,००० वजा केले तर ३,०३,००० रुपये उरतात. शुल्कात होणारी वाढ आपल्या पगारवाढीतून आणि ठेवीच्या व्याजातून निघेल असे मी धरले आहे. हा आकडा पाहून दीड लाख सहज परवडतील असे वाटेल, परंतु आपली जमीन पूरपट्ट्यात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदीकाठच्या उसाचे काय झाले, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. चार वर्षांत एकदा उसाचे पैसे हाती येणार नाहीत असे धरूनच चालावे. ते ८०,००० वजा केल्यावर २,२३,००० रुपये राहतात, म्हणजे वर्षाला सुमारे ५५,००० रुपये. होडीवर होणारा सगळा खर्च, सरासरीने, या मर्यादेत राहिला पाहिजे.

कर्ज नको असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण व्याजाचा दर हे नाही. ज्या आठवड्यात पुरामुळे ऊस पाण्याखाली जाईल, घरातील सामान माडीवर न्यावे लागेल आणि कदाचित काही दिवस नातेवाइकांकडे मुक्काम करावा लागेल, नेमक्या त्याच आठवड्यात होडी गावासाठी बाहेर काढावी लागेल, तिचे इंजिन चालवावे लागेल आणि तिचे नुकसान होण्याचा संभवही त्याच वेळी सर्वाधिक असेल. मिळकत थांबणे आणि खर्च वाढणे या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच कारणाने, एकाच वेळी घडतात. अशा घराने सोने मोकळे ठेवावे. पुरानंतरच्या महिन्यात, इतर सर्व मार्ग बंद असताना, त्याचाच आधार असतो. दीड लाखाच्या सोनेतारण कर्जावर समजा १२ टक्के दराने वर्षाला १८,००० रुपये व्याज जाईल आणि ते फेडण्यासाठी होडीतून एक रुपयाही खात्रीने येणार नाही.

आपण मासळीच्या विक्रीचा हिशेब मांडला आहे, तोही तपासला पाहिजे. आठवड्याला पंधरा किलो मासळी, किलोला १५० रुपये आणि वर्षात तीस आठवडे, असे ६७,५०० रुपये आपण धरले आहेत. यात पेट्रोल, बर्फ, जाळ्यांची झीज, रिकाम्या हाताने परत यावे लागणारे दिवस आणि शाळेच्या वेळा धरलेल्या नाहीत. कटला, रोहू, चिलापी कोणाच्या जाळ्यात किती लागेल, याचा अंदाज रोज नदीवर असणारी माणसेही छातीठोकपणे देत नाहीत. शिवाय मासेमारीचा परवाना आणि स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेचे हक्क हे प्रश्न आहेतच. त्यांची चौकशी सांगलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी करावी. शाळेच्या सेवाशर्तींनुसार पूरक व्यवसायासाठी संस्थेची लेखी परवानगी लागते का, हेही पाहून घ्यावे. याखेरीज मला मनापासून असे वाटते की, ज्या कुटुंबांचे पोट पिढ्यान्‌पिढ्या याच नदीवर आहे, त्यांच्या बाजारात पगारदार माणसाने खर्च भरून काढण्यासाठी उतरू नये. घरी खाण्यापुरती आणि शेजारी देण्यापुरती मासळी मिळाली तरी आपला हेतू साध्य होतो. म्हणून या हिशेबात मासळीचे उत्पन्न मी शून्य धरले आहे.

अनुदानाबाबतही आपण विचारले आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्य असते. २०१८-१९ पासून मत्स्यव्यवसायासाठी मिळणारे किसान क्रेडिट कार्ड खेळत्या भांडवलासाठी आहे. दोन्ही सोयी मासेमारी वा मत्स्यपालन हा व्यवसाय म्हणून करणाऱ्यांसाठी आहेत, छंदासाठी नाहीत. त्यांच्यावर आपण बेत आखू नये.

आता होडीकडे वळतो. तिच्या स्थितीवर खर्च अवलंबून असल्याने हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्याला मिळालेला अंदाज होडी केवळ पाहून दिलेला आहे. पैसे देण्यापूर्वी जवळजवळ विनाखर्च करता येणारी एक परीक्षा आहे. होडी लाकडी ओंडक्यांवर, तळाला सर्वत्र आधार मिळेल अशी ठेवावी, आत वीतभर पाणी भरावे आणि बाहेरून जिथे जिथे थेंब येतील तिथे खडूने खूण करावी. पाण्याचे वजन लिटरला एक किलो असल्याने यापेक्षा जास्त भरू नये. रिव्हेटपाशी गळती असेल तर काम स्वस्तात होते. सैल झालेले रिव्हेट दोन्ही बाजूंनी ठोकून घट्ट करता येतात किंवा बदलता येतात. पत्र्यालाच भेग असेल तर वेल्डिंग लागते. तळाच्या फळ्या काढल्यावर पांढरी भुकटी आणि खड्डे दिसले, तर पत्रा किती जाडीचा उरला आहे हे मोजून घ्यावे लागते. तांबे, पितळ किंवा साधे लोखंड ॲल्युमिनियमला ओलाव्यात चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजते, त्यामुळे कोणीतरी मारलेले लोखंडी बोल्ट आणि तांब्याची संयुगे मुरवून टिकाऊ केलेले लाकूड यांच्या आसपासची जागा विशेष पाहावी. फळ्यांखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम पाणी पिऊन जड झालेला असेल, तर तोही काढावा लागेल आणि त्याजागी नवा भरावा लागेल. तो खर्च आपल्या अंदाजात नाही.

वेल्डिंगबाबत एक सूचना करतो, कारण इथे चुकीच्या माणसाकडे काम गेले तर पैसे आणि पत्रा दोन्ही जातात. मिरज आणि कुपवाडच्या औद्योगिक वसाहतींत आर्गन वेल्डिंग करणारे पुष्कळ आहेत, परंतु त्यातील अनेकांचे काम स्टेनलेस स्टीलचे असते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही वर टिकतो. तो थर फोडण्यासाठी यंत्र एसी प्रवाहावर चालवावे लागते, तर स्टीलसाठी डीसी वापरतात. कारागिराने यापूर्वी ॲल्युमिनियमच्या टाक्या किंवा होड्या जोडल्या आहेत का, हे विचारावे आणि शक्य असल्यास त्याने जोडलेला एखादा तुकडा पाहावा. इंजिन जिथे बसते ती मागची फळी कुजली असेल, तर आयएस ७१० मानकाचा मरीन प्लायवूडच वापरावा. फर्निचरच्या साध्या प्लायवूडने दोन-तीन हजार वाचतील, पण इंजिनाचा सगळा जोर त्याच फळीवर येतो.

आपल्या अंदाजात वेल्डिंग व रिव्हेटचे २८,०००, मागची व तळाची फळी १६,०००, रंग १८,०००, जुन्या इंजिनाची दुरुस्ती ३५,०००, ट्रेलरची दुरुस्ती २०,००० आणि लाइफ जॅकेट, वल्ही व दोर यांचे १३,००० रुपये आहेत. जुन्या वस्तूच्या कामात उघडल्यावर काहीतरी निघतेच, म्हणून प्रत्येक आकड्यावर २५ टक्के जास्त धरावेत. पहिल्या हंगामात फक्त वेल्डिंग, फळ्या आणि लाइफ जॅकेटचा संच घ्यावा. हे ५७,००० होतात, वाढीसह सुमारे ७१,०००. नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांतील पगाराची शिल्लक ६०,००० आणि ऊसबिलाचे ८०,००० यांतून मुलीच्या प्रवेशाला कमी पडणारे १७,००० बाजूला काढूनही हा खर्च निघतो आणि ५२,००० रुपये पुढच्या वर्षाच्या शुल्कासाठी शिल्लक राहतात. तुटलेल्या उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान रास्त दर, चौदा दिवसांत देण्याचा नियम असला तरी पैसे हप्त्यांनी येणे आपल्या भागात नवीन नाही. म्हणून कारागिराला शब्द देण्यापूर्वी बिल खात्यात जमा होऊ द्यावे.

रंग थांबू शकतो. ॲल्युमिनियमवर आपोआप तयार होणारा थर गोड्या पाण्यात त्याचे चांगले रक्षण करतो आणि रंगाने होडीची ताकद वाढत नाही. पुढे रंग देताना ॲल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला थर, वापरावा आणि तांबे असलेला शेवाळरोधक रंग टाळावा. ट्रेलरही थांबू शकतो, कारण घाटापर्यंत होडी नेण्यासाठी गावात ट्रॅक्टरची ट्रॉली मिळते. इंजिन दुसऱ्या हंगामात, वाढीसह ४४,००० रुपयांत करावे. तोवर संथ पाण्यात वल्ह्यांवर होडी चालवून तिचा तोल आणि गळती यांची खात्री करून घेता येईल. इंजिन बसवण्यापूर्वी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमाखालील नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करावी. रंग आणि ट्रेलर, ज्या वर्षी पूर आला नाही अशा वर्षी. इंजिन आल्यानंतर देखभालीसाठी महिन्याला हजार रुपये वेगळे ठेवावेत. हा खर्च आपल्या पत्रात कुठेच नाही.

पुरात मदत करण्याच्या आपल्या इच्छेबद्दल मला आदर आहे आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी आपल्याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसे होती. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका मानला जातो. त्या वर्षी ते ५७ फुटांच्या वर गेले होते. अशा पाण्यात, मुख्य प्रवाहात, चौदा फुटी होडी वल्ह्यांवर किंवा जुन्या इंजिनावर नेऊ नये. गावातील फुगवट्याच्या संथ पाण्यात औषधे, दूध, पिण्याचे पाणी पोहोचवण्यास ती उपयोगी पडेल. किती माणसे बसू शकतात तो आकडा होडीवर ठळक रंगवावा आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे होडीची माहिती देऊन प्रशिक्षणाची चौकशी करावी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. आपण आणि आपल्यासोबत होडीत जाणारे दोघे पुतणे यांनी ते घेतलेले असावे. आपला स्वतंत्र मुदत विमा नसेल, तर होडीआधी त्याचा हप्ता बसवावा.

आपण विचारले नसले तरी ठेवीबाबत एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, सहकारी बँकांतील ठेवींनाही असते. पतसंस्थेतील ठेवींना ते नसते. ठेवीची मुदत मार्चमध्ये संपते आहे. त्या वेळी आणीबाणीची तरतूद असलेले २,९७,००० रुपये बँकेत हलवावेत. व्याज थोडे कमी मिळेल, ते मिळू द्यावे.

शेवटी होडी ठेवायची की नाही, याबद्दल. भंगारवाल्याने १५,००० रुपये देऊ केले आहेत; दुरुस्त न करता होडीची किंमत आज तेवढीच आहे. चुलत्यांनी किती दिले आणि ती मुंबईहून आणण्यास किती खर्च झाला, हे आकडे आता निर्णयात धरू नयेत. दिवाळीच्या सुट्टीत पाण्याची परीक्षा करून, खुणा केलेली होडी दोन कारागिरांना दाखवून लेखी अंदाज घ्यावेत. पहिल्या हंगामाचा आकडा ७१,००० च्या आत आला, तर ऊसबिल जमा झाल्यावर काम द्यावे. तो ९०,००० च्या पुढे गेला किंवा तळाचा पत्रा बऱ्याच ठिकाणी पातळ निघाला, तर इंजिन वेगळे विकून होडी भंगारात द्यावी. आकडा या दोन्हींच्या मधे असेल, तर दोन्ही अंदाज आणि खुणांची छायाचित्रे मला पाठवावीत. त्यातील कोणते काम पुढच्या वर्षावर ढकलता येईल, ते आपण मिळून पाहू.

आपला,
आर्थिक नियोजनकार