‘च’वर बोट ठेवा

प्रश्न : माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन इंदूरला रामबागेत आले, त्याला चार वर्षं झाली. गेल्या रविवारी नाश्त्याला सात-आठ पाहुणे होते. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “आमच्या सूनबाईंचे पोहे अजून साताऱ्याचे. ना वाफवलेले, ना वर जिरावण मसाला.” दिवसभर डोकं तापलेलं, रात्री झोप नाही. मैत्रीण म्हणते, तुझ्या रागाला तू जबाबदार. म्हणजे बोलायचं त्यांनी आणि चूक माझी?

उत्तर : चूक तुमची नाही. जबाबदारी आणि दोष यांची गल्लत झाली, की हा सल्ला जखमेवर मीठ चोळल्यासारखा लागतो. त्या वाक्याची जबाबदारी सासूबाईंची. ते वाक्य बोलून संपल्यावर रात्रीपर्यंत मनात जे घोळत राहिलं, त्याची तुमची. आणि हात घालता येतो तो तेवढ्याला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली, तिचा पाया हाच : घटना आणि भावना यांच्या मध्ये एक विचार असतो. तो इतका झटकन येऊन जातो, की दिसत नाही. म्हणून कागद लागतो.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा : घटना, विचार, भावना. आधी शेवटचा भरा, कारण भावना सर्वांत आधी कळते. ‘राग, १०० पैकी ८५’ असं लिहा. इथे ‘वाटलं’ या शब्दाने फसायला होतं. ‘त्या मला परकी समजतात असं वाटलं’ ही भावना नव्हे, विचार आहे; त्याची जागा मधल्या रकान्यात. भावना बहुधा एका शब्दात मावते : राग, भीती, लाज.

मग घटना, कॅमेऱ्यात आली असती तेवढी. ‘पाहुण्यांपुढे माझा अपमान केला’ असं नको, सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं.

मधला रकाना सर्वांत चिवट. बहुतेक जण तिथे प्रश्न लिहितात : ‘त्या अशा का वागतात?’ प्रश्नाशी वाद घालता येत नाही, त्याचं विधान करा. ‘त्यांनी असं बोलायलाच नको होतं.’ ‘माझा मान राखलाच पाहिजे.’ ‘हे सहनच होत नाही.’ आता प्रत्येक ‘च’वर बोट ठेवा. मराठीने आपली मोठी सोय केली आहे : इच्छेचा हट्ट झाला, की तिला हे शेपूट फुटतं. (सगळे ‘च’ असे नसतात. ‘तोच रस्ता’ मधला बिनविषारी. पाहिजे, हवं, नको यांच्या आसपासचे तपासा.) त्यांनी मान राखावा, ही इच्छा रास्त आहे. राखलाच पाहिजे, हा हुकूम. आणि तो सासूबाईंवर चालत नाही, म्हणून भडका उडतो.

त्या ‘च’ला तीन प्रश्न विचारा. असा नियम कुठे आहे? मला हवं आहे, एवढ्यावरून ते घडलंच पाहिजे हे कसं ठरतं? हा हट्ट धरून माझ्या पदरात काय पडतं? उत्तरं लिहून काढा, मग नवं वाक्य : ‘त्यांनी पाहुण्यांपुढे बोलू नये असं मला फार वाटतं. पण त्या बोलू शकतात, आणि ते मला आवडलं नाही तरी झेपतं.’

राग शून्यावर यावा, अशी अपेक्षा धरू नका. ८५ चा राग उतरून ४० ची नाराजी उरली, तरी काम झालं. नाराज माणसाला झोप लागते आणि धड बोलताही येतं : “आई, पोह्यांत काय कमी आहे ते मला आत सांगा. पाहुण्यांपुढे नको.” भडकलेलं असताना हे वाक्य नेमकं टोमणा होऊन बाहेर पडतं.

‘डोक्याला पटतं, मनाला नाही’ ही नेहमीची अडचण. एकदा लिहून जुनी सवय जात नाही. रोज ५-१० मिनिटं डोळे मिटून तो प्रसंग आणा, राग चढू द्या, मग तो नाराजीपर्यंत उतरवा आणि उतरवताना स्वतःशी काय बोललात ते टिपा. महिनाभर करा. आणि ‘एवढ्याशा पोह्यांवरून मला राग यायलाच नको होता’ असं मनात आलं, तर आधी तो ‘च’ सोडवा. रागावल्याचा राग मूळ रागाला उतरू देत नाही.

एक पथ्य. मारहाण, धमकी, पैसे काढून घेणं असं काही असेल, तर ही वही बाजूला ठेवा आणि महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करा.

प्रश्न : इंदूरच्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करतो. पूर्वपरीक्षेत दोनदा गेलो. यंदाही गेलो तर मी नालायकच. पुस्तक उघडलं की छाती धडधडते.

उत्तर : तुमचा ‘च’ स्वतःवर लागलेला आहे. परीक्षा एका दिवसाचा पेपर तपासते. अख्ख्या माणसाला गुण देण्याची सोय तिच्यात नाही. ‘मी हुशार आहे, होणारच’ असं घोकू नका. ती त्या नाण्याची दुसरी बाजू, पहिल्या सराव परीक्षेत फुटते. ‘नापास झालो तर वाईट वाटेल, वर्ष जाईल, तरी मी बाद होत नाही’ एवढं पुरतं. मग मनाची तयारी होण्याची वाट न बघता, धडधड चालू असताना २५ मिनिटं बसा आणि उठा. धडधड कमी झाल्यावर बसू म्हणाल, तर ती दर वेळी पुस्तकापाशी भेटेल. दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली राहिली किंवा जगणं नको वाटलं, तर वही पुरणार नाही. मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली मानस, १४४१६. फोन मोफत आहे, दिवसरात्र.