श्रद्धा आहे, तरी मन धास्तावलेलं का?

"रोज मनापासून प्रार्थना करते, तरी छातीतली धडधड थांबत नाही. माझी श्रद्धाच कमी पडते का हो?" हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. एका ताईंचा अनुभव सांगते; ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताईंच्या आईला स्मृतिभ्रंश. ताई आणि धाकटी बहीण मिळून तिचं करायच्या. आई तीच आणि देवावर विश्वास दोघींचाही. धाकटी दमायची, पण सावरायची. ताई मात्र पार खचल्या होत्या. धडधडीसाठी आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली. हृदय ठीक होतं.

मग त्यांना म्हटलं, "आई रात्री हाका मारायला लागली की मनात पहिलं जे येईल, ते तसंच्या तसं लिहा." पुढच्या भेटीत त्यांनी मान खाली घालूनच कागद माझ्याकडे सरकवला. ओळी बऱ्याच होत्या, मजकूर एकच: तरुणपणी मी आईला दुखावलं, देव त्याची शिक्षा देतोय.

मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की, प्रसंग आला की मन दोन गोष्टी जोखतं: यात मला धोका किती, आणि तोंड द्यायला माझ्याजवळ काय आहे? ताईंचं दुसरं उत्तर 'काहीच नाही' असं होतं. शिक्षा एकटीनंच भोगायची, मग मदत कशी मागणार? बहिणीनं रात्रीची पाळी घ्यायची म्हटलं, तरी त्यांना ती पळवाट वाटायची! मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांच्या संशोधनातही हेच दिसतं: देव सोबत आहे असं वाटणाऱ्याला श्रद्धेचा आधार होतो, देव शिक्षा करतोय असं वाटणाऱ्याचा त्रास बहुधा वाढतो. त्यामुळे श्रद्धा किती आहे, हे मी मोजतच नाही.

कुणाची श्रद्धा बदलणं माझं काम नाही. मी फक्त विचारलं, "तुमची शिक्षा देव आईला कशाला भोगायला लावेल?" ताई बराच वेळ रडल्या. आईला दुखावल्याची खंत मात्र खरी होती. त्या खंतीवर आम्ही पुढे सावकाश बोलत राहिलो.

आता दोघी बहिणी रात्री वाटून घेतात. धडधड पूर्ण गेलेली नाही, पण ताई प्रार्थनेत माफीऐवजी बळ मागतात. तुमचीही झोप कित्येक आठवडे उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल, तर आजच कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. प्रार्थना चालू ठेवूनही उपचार घेता येतात.