वाचकांचे प्रश्न : प्रादेशिक विमान कंपनीतली वैमानिकाची नोकरी

वैमानिकाच्या नोकरीविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या वेळी घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्या कॅप्टननी अनेक वर्षे एटीआर ही पंख्याच्या इंजिनांची छोटी प्रवासी विमाने चालवली असून सध्या ते नवोदित वैमानिकांना शिकवतात.

प्रश्न : आमच्या मुलीने गेल्या वर्षी कमर्शियल पायलट लायसन्स मिळवले. तिच्या लॉगबुकात २१० तासांचे उड्डाण आहे. आता एका छोट्या प्रादेशिक कंपनीने तिला एटीआर विमानावर सहवैमानिक म्हणून घेण्याची तयारी दाखवली आहे. मात्र टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विशिष्ट विमानासाठीच्या प्रशिक्षणाचा व परवानगीचा, खर्च आम्ही करायचा आणि शिवाय पाच वर्षे नोकरी न सोडण्याचा बॉण्ड लिहून द्यायचा, अशी अट आहे. शिक्षणासाठी आधीच कर्ज काढले असून आता उरलेली शेतजमीन गहाण ठेवावी लागेल. नातेवाईक म्हणतात, मोठ्या कंपनीची भरती निघेपर्यंत थांबा. काय करावे?
— एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, छोट्या कंपनीतले काम कमी दर्जाचे असते, हा नातेवाइकांचा समज आधी दूर करायला हवा. २०० तास ही लायसन्सची किमान अट आहे आणि तेवढ्याच तासांचे असंख्य उमेदवार आज घरी बसून आहेत. त्यांतल्या अनेकांना लायसन्स असूनही महिनोन्‌महिने विमानाला हात लावायला मिळत नाही. हातची सवय जाते आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या परवानगीचे) नूतनीकरण पदरच्या पैशांनी करावे लागते. एटीआरवर मात्र एका दिवसात चार वेळा उड्डाण आणि चार वेळा लँडिंग करण्याची संधी मिळते. हे विमान २५,००० फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे पावसाळ्यात ढगांच्या डोक्यावरून निघून जाण्याची सोय नसते. ढग टाळत, वारा ओळखत, छोट्या धावपट्टीवर नेमक्या जागी चाके टेकवायला शिकावे लागते. दोन वर्षे असे काम केलेला सहवैमानिक पुढे कोणत्याही विमानात उभा राहतो, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

मुलीने हे काम करावे की नाही, याचे उत्तर म्हणून मी होय असेच देईन. जमीन गहाण ठेवावी का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो कंपनीच्या तब्येतीवर अवलंबून आहे.

प्रादेशिक कंपन्यांचा मोठा आधार म्हणजे केंद्र सरकारची उडान योजना. तिच्यात कंपनी एखाद्या मार्गासाठी बोली लावते, काही जागा ठरावीक भाड्यात देते आणि त्या बदल्यात तिला तीन वर्षे तुटीची भरपाई व त्या मार्गाचा एकाधिकार मिळतो. तीन वर्षे संपली की मार्गाला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते, आणि बहुतेक मार्ग त्याआधीच किंवा तिथे कोसळतात. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच झाले नव्हते; सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीचा तीन वर्षांचा पूर्ण काळ गाठला आणि त्यानंतरही चालू राहिलेले मार्ग मार्च २०२३ पर्यंत अवघे ५४ होते. आपल्याकडचे उदाहरण नांदेडचे आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी, म्हणजे योजनेची पहिली विमाने उडाली त्याच दिवशी, ट्रूजेटने नांदेड–हैदराबाद सेवा सुरू केली. त्या कंपनीची विमाने २०२२ च्या सुरुवातीला जमिनीवर आली ती पुन्हा उडाली नाहीत. दुसरीकडे गोव्याची फ्लाय९१ मार्च २०२४ पासून एटीआर चालवत आहे, कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून टिकून आहे आणि सरकारी मालकीची अलायन्स एअर तर १९९६ पासून आहे. म्हणजे क्षेत्र बुडीत नाही, परंतु त्यातली एखादी कंपनी पाहता पाहता बुडू शकते.

मी स्वतः एका कंपनीत असताना पगार आधी दहा दिवस, मग महिनाभर आणि शेवटी तीन महिने उशिरा होऊ लागला होता. आम्ही रोज गणवेश चढवून जात होतो, कारण ‘पुढच्या आठवड्यात’ हा शब्द ऐकायला गोड वाटत होता. त्या काळात घराचा हप्ता भरण्यासाठी पत्नीला दागिने मोडावे लागले, आणि ते मी आजही विसरलेलो नाही. म्हणून माझा सल्ला असा की, मुलीने सही करण्यापूर्वी त्या कंपनीत आज काम करणाऱ्या दोघा-तिघांना भेटावे आणि त्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात दर महिन्याचा हप्ता वेळेवर जमा झाला आहे का, हे मोबाइलवर उघडून दाखवण्याची विनंती करावी. पगाराची तारीख लोक संकोचाने लपवतात. पासबुकात ती लपत नाही. त्याचबरोबर कंपनीच्या नावावर किती विमाने आहेत हे न विचारता आज प्रत्यक्ष किती उडत आहेत, हे विचारावे. सुट्या भागांअभावी पाचांपैकी दोन विमाने उभी असतील, तर ज्या वैमानिकाचा निम्मा पगार उड्डाणाच्या तासांवर मोजला जातो त्याच्या हाती काय पडेल, याचा हिशेब तुम्हाला घरी बसून करता येईल.

आता बॉण्डविषयी. कंपनी स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग देते आणि तो खर्च वसूल होईपर्यंत वैमानिकाने सोडून जाऊ नये म्हणून बॉण्ड घेते. यात गैर काही नाही. परंतु खर्चही तुम्ही करायचा आणि पाच वर्षे बांधूनही घ्यायचे, याचा अर्थ एकाच वस्तूची किंमत दोनदा घेणे असा होतो. नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची नोटीस तसेही द्यावीच लागते, तेव्हा कंपनीला पुरेसे संरक्षण आधीच आहे. मुलीने लेखी विचारावे की, रेटिंगचा खर्च कंपनी करून तो पगारातून हप्त्यांनी कापून घेईल का, आणि कंपनीने पगार थकवला किंवा विमाने बंद केली तर बॉण्ड आपोआप संपेल का. या दोन्हींना होकार मिळाला तर निःशंकपणे सही करावी. कंपनी कोरे धनादेश किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्याचा आग्रह धरत असेल, अथवा जमीन गहाण ठेवल्याखेरीज पर्यायच नसेल, तर मात्र ही संधी सोडावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. दुसरी नोकरी मिळू शकते. सोलापूरची ती जमीन परत मिळणे अवघड आहे.

प्रश्न : मी दीड वर्षापासून एटीआरवर फर्स्ट ऑफिसर आहे. रोस्टर (कामाचे वेळापत्रक) नियमात बसवलेले असते, तरीही सलग तीन दिवस पहाटे साडेतीनला उठून रोज चार लँडिंग केल्यावर चौथ्या दिवशी डोके जड होते. थकवा आल्याचे कळवले तर वरिष्ठांच्या नजरेत येईन आणि कॅप्टनपद लांबेल, अशी भीती वाटते. घर कोल्हापूरला आणि बेस, म्हणजे कामावर हजर होण्याचा विमानतळ, दुसऱ्या राज्यात असल्याने सुट्टीत रात्रीच्या बसने जातो-येतो.
— एक सहवैमानिक

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण तुम्ही सांगता तो थकवा बाहेरच्या माणसाला पटत नाही. चार लँडिंग म्हणजे एकूण पाच तासांचे उड्डाण, मग त्यात एवढे काय, असे लोक विचारतात. एप्रिलच्या दुपारी एटीआरच्या कॉकपिटमध्ये वीस मिनिटे बसल्यावर त्यांना ते कळेल. या विमानाला मोठ्या विमानांसारखे शेपटातले छोटे सहायक इंजिन नसते. जमिनीवर उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून थांबवायचा आणि त्याच इंजिनावर वीज व थंड हवा घ्यायची, याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. तोही वापरता आला नाही तर काचेतून येणाऱ्या उन्हात शर्ट पाठीला चिकटतो. प्रवासी मागच्या दाराने उतरत असतात, पुढे सामान खाली होत असते, आणि त्या पंचवीस मिनिटांत इंधनाचा हिशेब, पुढच्या विमानतळाचे हवामान, विमानाभोवतीची फेरी आणि जमलेच तर डब्यातला गार उपमा एवढे सारे उरकावे लागते. शिवाय काही छोट्या विमानतळांवर रात्री उतरण्याची सोय नसल्याने पहिल्या फेरीला झालेला उशीर सूर्यास्तापर्यंत मानगुटीवर बसलेला असतो.

नियमांनाही हे मान्य आहे. म्हणूनच लँडिंगची संख्या वाढते तशी कामाची कमाल मर्यादा कमी होते, आणि दोन कामांमधली विश्रांती किमान बारा तास किंवा आधीच्या कामाइतकी, यांतली जी जास्त असेल ती द्यावी लागते. साप्ताहिक विश्रांती १ जुलै २०२५ पासून ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. मात्र नियम ही शेवटची रेघ असते आणि कमी मनुष्यबळाची कंपनी रोज त्या रेघेला खेटून रोस्टर आखते. वैमानिक पुरेसे नसले की काय होते, हे डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा देशाने पाहिले.

तुमच्या भीतीविषयी स्पष्टच सांगतो. थकलेल्या अवस्थेत विमान न चालवणे ही सवलत नसून तुमचे कायदेशीर कर्तव्य आहे. तोंडी सांगू नका. तारीख, झोपेचे तास आणि आधीच्या तीन दिवसांची लँडिंग नमूद करून लेखी अहवाल द्या व त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. एकट्याचा अहवाल तक्रार वाटते, पण एकाच रोस्टरविषयी पाच जणांचे अहवाल आले तर ते रोस्टर बदलावे लागते. मी कॅप्टन असताना शेजारच्या सहवैमानिकाने ‘सर, आज मी ठीक नाही’ असे म्हटले, तेव्हा मला त्याचा राग आला नव्हता. उलट, जो कधीच काही बोलत नाही त्याच्याबरोबर उडताना मला जास्त काळजी वाटे.

आता थोडे तुमच्याविषयीही बोलायला हवे. रात्रीची बस ही झोप नव्हे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान कोसळून विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. विमान स्टॉल होण्याच्या, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली पडण्याच्या, बेतात असल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले, हे अपघाताचे मुख्य कारण ठरले. परंतु तपासात हेही पुढे आले की कॅप्टनने आदली रात्र विमानतळावरच्या क्रू-रूममध्ये काढली होती आणि सहवैमानिक रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाहून कामावर आली होती. थकव्याचा दोघांच्याही कामावर परिणाम झाला असावा, असे तपास मंडळाने म्हटले. त्यानंतर तिथे विश्रांतीचे नियम बदलले आणि सहवैमानिकासाठीही साधारण १,५०० तासांची अट आली. तेव्हा कामावर हजर होण्याच्या आदल्या दुपारपर्यंत बेसवर पोहोचायचे, हा नियम स्वतःला घालून घ्या. त्यामुळे घरच्यांबरोबरचा अर्धा दिवस जाईल, याची मला कल्पना आहे. माझ्या मुलाचे दोन वाढदिवस असेच हुकले.

प्रश्न : एटीआरवर घालवलेली वर्षे जेट विमानाची नोकरी मिळवताना वाया जातात का? आणि येत्या काळात खरोखर एवढ्या वैमानिकांची गरज भासणार आहे का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : वाया जात नाहीत. जेटसाठी नवे टाइप रेटिंग करावे लागते, पण एटीआर हे सुमारे २३ टनांचे, दोन इंजिनांचे आणि दोन वैमानिकांचे विमान असल्याने त्यावरचा अनुभव निवड करणाऱ्यांना नेमका समजतो. महिन्याला ६५ तास उडालात, तर २०० तासांवरून १,५०० तासांपर्यंत पोहोचायला सुमारे वीस महिने लागतात. एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठीची ती एक प्रमुख अट आहे.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत देशाला सुमारे ३०,००० वैमानिक लागतील, असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले. तो आकडा ऐकून लगेच प्रवेश घेऊ नका. आज कंपन्यांना टंचाई जाणवते ती अनुभवी कॅप्टनांची. २०० तासांच्या नवोदितांची रांग लांबच आहे आणि कंपन्यांची भरती लाटेसारखी येते व ओसरते. पहिला पैसा भरण्यापूर्वी वैमानिकांसाठीची क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्या. पन्नास लाखांच्या घरातला खर्च झाल्यावर डोळ्यांत किंवा हृदयात दोष निघालेली मुले माझ्याकडे आली आहेत, आणि त्यांना सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.